गुलाबाची उपमा आणि साक्षीदाराची जीभ

नाताळात आमच्या घरी केक एक आणि करंज्या दोनशे असे प्रमाण असते. नगरकडच्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत थोड्याफार फरकाने हेच. पंचविसाला सकाळी चर्चहून आलो की ताटे भरायची, वर क्रोशाचा रुमाल टाकायचा आणि जिना चढत-उतरत वाटत सुटायचे. समोरच्या काकू ताट घेताना दरवर्षी म्हणायच्या, "नाताळ म्हणजे तुमची दिवाळीच की रे!" आणि मी दरवर्षी म्हणायचो, "हो काकू, तसंच." वीसेक वर्षे हा संवाद एका शब्दाचा फरक न होता चालला. उत्तर चुकीचे आहे हे मला पक्के ठाऊक होते. दिवे, फराळ आणि नवे कपडे सोडले तर या दोन सणांत सारखे काहीच नाही. पण ते सांगत बसलो तर काकूंना वाटेल, हा आता धर्म शिकवायला लागला. म्हणून मी करंजीच्या आड लपत आलो आणि मनाशी त्याला सौजन्य म्हणत आलो.

हे सौजन्य माझे एकट्याचे नाही. शिकलेल्या ख्रिस्ती माणसांत आज ते जवळजवळ सिद्धान्त होऊन बसले आहे: श्रद्धेबद्दल बोलू नये, फक्त चांगले वागावे. वागणे पाहून ज्याला काय समजायचे ते समजेल. व्यासपीठावरून हेच ऐकू येते आणि उदारमतवादी मित्रांच्या बैठकीतही हेच. एरवी ज्यांचे एका मुद्द्यावर पटत नाही ते पाळक आणि प्राध्यापक इथे मात्र एकमेकांना माना डोलावून दाद देतात. मला हे मत चुकीचे वाटते. चुकीचे आहे, आणि दिसते तितके नम्रही नाही.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो बळकट आहे. त्याच्या पाठीशी इतिहास उभा आहे. गोव्यात १५६० ते १८१२ धर्मसमीक्षण सभा होती. ज्या तोंडाने शुभवर्तमान सांगितले गेले त्याच तोंडाने शिक्षाही सुनावल्या गेल्या. पुढे ब्रिटिश अमदानीत मुंबई-पुण्याच्या नाक्यानाक्यांवर उभे राहून हिंदू देवदेवतांची टिंगल करणारे उपदेशक झाले. आमच्याच जिल्ह्यात दुष्काळाच्या वर्षांत धान्य आणि बाप्तिस्मा एकाच दारातून मिळू लागले, तेव्हा कोणी कशासाठी रांगेत उभे राहिले हे देवालाच ठाऊक. अशा जिभेपेक्षा मुकेपण बरे असे कुणाला वाटले तर त्याला दोष कसा द्यावा? शिवाय या पक्षाकडे तीन मोठे साक्षीदार आहेत: असिसीचा संत फ्रान्सिस, महात्मा गांधी आणि प्रत्यक्ष पेत्राचे पत्र. त्यांना एकेक करून बोलावू.

फ्रान्सिसच्या नावावर एक वचन जगभर फिरते. आशय असा की सुवार्ता सतत सांगा, शब्दांची गरज भासलीच तर तेही वापरा. हे वचन फ्रान्सिसच्या कोणत्याही लिखाणात नाही. त्याच्या आरंभीच्या चरित्रकारांकडेही नाही. १२२१ साली त्याने आपल्या बंधूंसाठी जी नियमावली लिहिली तिच्या सतराव्या प्रकरणात सर्व बंधूंनी कृतीतून उपदेश करावा असे आहे खरे. पण तिथे प्रश्न आहे उपदेशाचा अधिकृत परवाना कुणाला असावा हा. ज्याच्याकडे परवाना नाही त्यानेही निदान कृतीने बोलावे, एवढाच त्याचा रोख. खरी गंमत त्याच्या आधीच्या, सोळाव्या प्रकरणात आहे. मुसलमानांमध्ये राहायला जाणाऱ्या बंधूंना फ्रान्सिस तिथे दोन वाटा दाखवतो. पहिली अशी: वाद घालू नका, भांडू नका, देवाखातर सर्वांच्या अधीन होऊन राहा, आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करा. दुसरी अशी: देवाची इच्छा दिसेल तेव्हा वचन उघड सांगा. म्हणजे सर्वांत मवाळ वाटेवरसुद्धा कबुली आहेच, आणि कबुली तोंडानेच द्यावी लागते. हा माणूस स्वतः १२१९ साली, धर्मयुद्ध ऐन भरात असताना, दमिएट्टाजवळ इजिप्तच्या सुलतान अल्-कामिलच्या छावणीत निःशस्त्र गेला आणि त्याच्याशी बोलला. सुलतान ख्रिस्ती झाला नाही, फ्रान्सिस मुसलमान झाला नाही. सुलतानाने त्याला सुखरूप परत पाठवले. बाहेर दोन्ही सैन्ये एकमेकांसमोर उभी होती आणि आत हे दोघे बोलत होते. फ्रान्सिसला मौनाचा आचार्य ठरवायचे तर हा प्रसंग कुठे लपवणार?

आता गांधीजी. मिशनऱ्यांशी बोलताना ते गुलाबाची उपमा देत. गुलाब प्रवचन करत नाही, त्याचा सुगंधच पुरे. उपमा इतकी देखणी आहे की तिच्याशी वाद घालणे असंस्कृतपणाचे वाटते, आणि देखण्या उपमांचा हाच उपद्रव असतो. गुलाबाला आपला सुगंध कुठून आला हे माहीत नसते. माणसाला माहीत असते, निदान माहीत असल्यासारखे वाटत असते. तुमच्या घरात आजारपण आले आणि शेजारी आठ रात्री उशाशी बसून राहिला तर नवव्या दिवशी तुम्ही विचारताच, "अहो, तुम्ही एवढं कशासाठी करता?" या प्रश्नाला गुलाबाकडे उत्तर नाही. माणसाने तिथे "सहज" म्हणून हसावे हा विनय नव्हे. उत्तर ठाऊक असून त्याने ते हातचे राखून ठेवले.

आणि गांधीजी स्वतः गुलाब होते का? सायंप्रार्थनेनंतर ते बोलत. सत्य, रामनाम आणि ब्रह्मचर्य यांवर त्यांनी आयुष्यभर लिहिले, आणि स्वतःची आतली लढाईसुद्धा साप्ताहिकात छापली. आपल्या श्रद्धेबद्दल इतके मोकळेपणाने बोललेला दुसरा नेता या देशाने पाहिलेला नाही. त्यांच्या जगण्याला शब्द होते म्हणूनच ते जगणे आपल्यापर्यंत पोहोचले.

याहून नेमका पुरावा त्यांच्याच 'सत्याचे प्रयोग'मध्ये आहे. राजकोटच्या हायस्कुलाजवळ कोपऱ्यावर उभे राहून मिशनरी हिंदू देवांची निंदा करत. पोरवयातल्या गांधींनी ते एकदाच ऐकले आणि पुन्हा तिथे थांबायचे नाही असे ठरवले. पूर्वपक्षाला हा प्रसंग तोंडपाठ असतो. पण त्याच पुस्तकात पुढे लंडनच्या दिवसांत एका शाकाहारी खानावळीत त्यांना मँचेस्टरचा एक सज्जन ख्रिस्ती माणूस भेटतो. मांस न खाणारा, मद्य न पिणारा, म्हणजे आचरण ठीकठाक. तो बोलण्याच्या ओघात बायबल वाचा म्हणतो, आणि गांधी त्याच्याकडूनच प्रत विकत घेतात. उत्पत्तीचे पुस्तक ते वाचतात, पुढची प्रकरणे वाचताना मात्र त्यांना हमखास झोप येते. मग नवा करार येतो, डोंगरावरचे प्रवचन येते आणि ते थेट काळजात उतरते. नंतरच्या आयुष्यात त्या प्रवचनाने काय केले हे मराठी वाचकाला सांगायला नको. तो मँचेस्टरचा गृहस्थ नुसता सुगंध देत भाजी खात बसला असता तर? आणि हेही पाहा, की गांधी ख्रिस्ती झाले नाहीत. त्या गृहस्थाचे सांगणे म्हणून वाया गेले का?

स्टॅन्ले जोन्स या अमेरिकन मिशनऱ्याने गांधींना विचारले होते की ख्रिस्ती धर्म या मातीत परका वाटू नये म्हणून काय करावे. १९२५च्या आपल्या पुस्तकात त्याने गांधींच्या चार सूचना नोंदवल्या आहेत. ख्रिस्तासारखे जगा. धर्मात पाणी न घालता तो आचरा. प्रेमावर भर द्या. इतर धर्मांचा सहानुभूतीने अभ्यास करा. चारांत 'गप्प बसा' ही पाचवी सूचना नाही. उलट दुसरी सूचना मला माझ्या करंजीच्या ताटाजवळ टोचते, कारण "हो काकू, तसंच" म्हणणे हेही पाणी घालणेच.

तिसरा साक्षीदार पेत्राचे पहिले पत्र, आणि पूर्वपक्षाचे सगळ्यांत भक्कम वचन तिथे आहे. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो विवाहित स्त्रियांना सांगतो की वचन न मानणारे नवरे तुमचे वागणे पाहून, शब्दावाचून जिंकले जातील. शब्दावाचून! वाद संपला असे वाटते. पण ओळ सावकाश वाचली की दिसते, हे नवरे 'वचन न मानणारे' आहेत. म्हणजे वचन त्यांच्या कानी आधीच गेले आहे. ऐकून त्यांनी ते नाकारले आहे. आता बायकोने जेवताना रोज तेच तुणतुणे लावू नये, हा व्यवहारी सल्ला आहे. हे मौन शब्दानंतरचे आहे, शब्दाऐवजी आलेले नाही. त्याच अध्यायात चौदा ओव्या पुढे पेत्र सगळ्यांना उद्देशून सांगतो की तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा, आणि ते सौम्यतेने व आदराने द्या. इथे मूळ ग्रीक शब्द न्यायालयातला आहे. आरोपी आपल्या बचावात जे निवेदन करतो त्याला तो वापरत. प्रश्न आधी, उत्तर नंतर, आणि तेही आदराने. नाक्यावरच्या आरडाओरड्याला या ओवीत जागा नाही. पण विचारल्यावर विषय बदलण्यालाही नाही.

तिन्ही साक्षीदार असे फिरले. तरीही पूर्वपक्ष मनातून हलत नाही याचे कारण मला भाषेत सापडते. मराठी ख्रिस्ती माणूस श्रद्धा सांगण्याला 'साक्ष देणे' म्हणतो. प्रार्थनासभेत "आता बहीण आपली साक्ष देतील" हे वाक्य कितीदा ऐकले असेल. पण 'साक्षी' या शब्दाला आपल्याकडे दोन घरे आहेत. एक उपनिषदांचे. तिथला साक्षी नुसता पाहतो, करत नाही, बोलत नाही. एका झाडावरचे दोन पक्षी आठवा: एक फळ खातो, दुसरा नुसता बघतो. हा बघणारा आपल्याला फार श्रेष्ठ वाटतो, आणि त्याचे मौन हीच त्याची उंची असे आपल्या रक्तात मुरले आहे. दुसरे घर कोर्टाचे. तिथला साक्षीदार गप्प बसला तर त्याच्यावर कारवाई होते. मराठी बायबलात आलेला शब्द या दुसऱ्या घरचा आहे. आपण मात्र तो पहिल्या घरात नेऊन बसवला आणि वर त्याला आध्यात्मिक प्रगती समजलो.

कोर्टाचे घर धरले की बऱ्याच गोष्टी सरळ होतात. साक्षीदार स्वतः पाहिलेले सांगतो, ऐकीव माहितीला तिथे किंमत नाही. तो वकील नसतो, त्याला खटला जिंकायचा नसतो. तो न्यायाधीश नसतो, निकाल त्याच्या हाती नसतो. आणि त्याची उलटतपासणी होते. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला दृष्टी मिळते आणि परूशी त्याला धारेवर धरतात: ज्याने बरे केले तो पापी आहे की नाही? तो म्हणतो, ते मला ठाऊक नाही, मी आंधळा होतो आणि आता मला दिसते एवढे ठाऊक आहे. साक्षीची मर्यादा आणि साक्षीचे बळ यांहून चांगले कुणी दाखवले आहे असे मला वाटत नाही. आपले उपदेशक बहुधा इथेच घसरतात. दिसते एवढे सांगून थांबत नाहीत, न दिसलेल्याचेही नकाशे काढून देतात.

पूर्वपक्षाची एक पोटशाखा म्हणते की श्रद्धा ही खाजगी बाब आहे, घराच्या उंबऱ्याआतली. या मताचे मला फार कौतुक करावेसे वाटत नाही, कारण ते या मातीतले नाही. महाराष्ट्रात श्रद्धा कधी खाजगी होती? आळंदी ते पंढरपूर रस्ता अडवून चालते ती कोणती खाजगी बाब? कीर्तन म्हणजे एकाने उभे राहून आपला देव दहा-दोनशे जणांना सांगणे. नामदेव पंजाबात जाऊन बोलले म्हणून त्यांची ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग कानी पडले म्हणून संत बहिणाबाई देहूच्या दिशेने ओढली गेली. कोणी सांगितले, कोणी ऐकले, असेच हे सगळे चालत आले. ख्रिस्ती माणूस तेवढा तोंड उघडतो तेव्हा अचानक उंबरा आठवतो, ही गंमतच.

कायद्यानेही आचरणे आणि सांगणे नीट वेगळे केले आहे. घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्म प्रकट करणे, आचरणे आणि त्याचा प्रसार करणे अशी तीन क्रियापदे आहेत. आचरण पुरे असते तर तिसरे कशाला लागले असते? डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत त्यावर कडाक्याची चर्चा झाली. लोकनाथ मिश्रांनी 'प्रसार' शब्दाला कडाडून विरोध केला. कन्हैयालाल मुन्शींनी तो राहू द्यावा म्हणून बाजू मांडली, आणि हा शब्द काढला तरी भाषणस्वातंत्र्याखाली तो हक्क उरतोच याकडे लक्ष वेधले. मुन्शींच्या हिंदुत्वाबद्दल कुणाला शंका असण्याचे कारण नाही. पुढे १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आपल्या धर्माची तत्त्वे मांडण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा नाही. आमच्या अनेक ख्रिस्ती बांधवांना हा निकाल अन्यायाचा वाटतो. धर्मांतरविरोधी कायद्यांना त्याने जी वाट करून दिली तिच्याबद्दल मलाही काळजी आहे. पण त्यातल्या मूळ भेदाशी माझे भांडण नाही. साक्षीदाराला निकाल लावण्याचा हक्क नसतो हे आम्हालाच आधी सुचायला हवे होते.

आता सगळ्यांत जड आक्षेप. सांगण्याने घरे मोडतात. हा आक्षेप पुस्तकी नाही. नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला, मोकळेपणाने बोलला, नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करून गेला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. डब्यातल्या त्या दोन-चार तासांची किंमत कुणी मोजली? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. त्यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' हसत-हसत वाचता येते म्हणून आपण विसरतो की त्या हसण्याखाली, बातमी कळल्यावर वेडीपिशी झालेली बाई आहे. लहानग्या मुलाला घेऊन नवऱ्यापासून दूर काढलेली वर्षे आहेत. आम्ही ख्रिस्ती लोक टिळकांच्या आगगाडीची गोष्ट नाताळच्या कार्यक्रमात मोठ्या हौसेने सांगतो आणि लक्ष्मीबाईंचे ते दिवस पटकन ओलांडून १९०० सालच्या त्यांच्या बाप्तिस्म्यावर येऊन पोहोचतो. हे बरे नव्हे.

पण म्हणून त्या प्रवाशाने गप्प बसायला हवे होते का? इथे मला पुन्हा बहिणाबाई आठवते. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र तुकारामाचा ध्यास घ्यावा म्हणून तिच्या नवऱ्याने तिला मारले, आणि ते तिने स्वतः आपल्या अभंगांत लिहून ठेवले आहे. घर तिथेही पेटले. तिथे आपण जयरामस्वामींनी कीर्तन करायला नको होते असे म्हणत नाही. नवऱ्याने हात उचलायला नको होता असे म्हणतो. मनाला नवे काही पटले की घरात कळ उठते. ते नवे भक्तीचे असो, आंतरजातीय लग्नाचे असो की विधवेच्या केसांचे असो. कळ टाळायची म्हणून कुणी कुणाला काही सांगायचेच नाही असे ठरवले तर महाराष्ट्राचे एकोणिसावे शतक पुसून टाकावे लागेल. सांगणाऱ्याने मात्र एक जाणून असावे: आपण डब्यातून उतरून जाणार, मागे राहणारे कुणी वेगळेच असते.

इथवर खंडन झाले. मग बोलावे कसे आणि कुठे? मंडनाच्या वाटेवर पहिल्याच पावलाला पंडिता रमाबाई आडव्या येतात, आणि त्या माझ्या बाजूच्या असूनही मला सोपे सोडत नाहीत. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले रमाबाईंचे शारदा सदन, म्हणजे मुलींची निवासी शाळा, पुढच्या वर्षी पुण्यात आले. तिथे धर्म शिकवायचा नाही असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत, आपल्या मुलीबरोबर, आपली प्रार्थना करत. दार मात्र त्या लावत नसत. मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने रान उठवले, आणि १८९३ साली रानडे आणि भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. अनेक मुलींना घरच्यांनी परत नेले. ज्यांना वाटते की नुसत्या आचरणावर कुणी आक्षेप घेत नाही त्यांनी हे उघडे दार लक्षात ठेवावे. रमाबाईंनी प्रवचन केले नाही, सुगंधच तेवढा दरवळू दिला, आणि पुण्याने त्या सुगंधाला छुपे धर्मांतर म्हटले. शब्दावाचूनची सेवा लोकांना जास्त संशयास्पद वाटते, आणि त्यात त्यांचे पूर्ण चुकते असेही नाही. दवाखाने, शाळा, वसतिगृहे कोण काढतो आणि का काढतो हे माणसाला कळायला हवे असते. हेतू उघड बोलून दाखवला तर समोरच्याला तो नाकारता येतो. न बोललेला हेतू नाकारता येत नाही, त्याच्याबद्दल तर्क करत बसावे लागते.

तरीही रमाबाईंच्या दाराशी मी अडखळतो. त्या मुली कोण होत्या? बहुतेक कोवळ्या वयाच्या विधवा, बाहेर ज्यांना थारा नव्हता अशा. ज्या घरात अन्न, अक्षर आणि माया मिळते त्या घराच्या मालकिणीची प्रार्थना ही त्यांच्यासाठी फक्त एका बाईची प्रार्थना राहते का? मी रमाबाईंना दोष देणार नाही, त्या स्वतःच्या खोलीत होत्या आणि स्वतःच्या विवेकाला धरून होत्या. पण माझ्यापुरता एक दंडक मी इथे बांधला आहे. बोलण्याआधी पाहायचे, की समोरचा माणूस उठून जाऊ शकतो का? रुग्ण खाटेवर असेल, विद्यार्थी वर्गात असेल, कामवाल्या बाईचा पगार व्हायचा असेल, दुष्काळात कुणी धान्यासाठी रांगेत असेल, तर तिथे त्यांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. आणि विचारले तरी दोन वाक्यांत आटपायचे. जिथे तो उठून जाऊ शकतो, म्हणजे आगगाडीच्या डब्यात, खानावळीत, कचेरीत डबा खाताना किंवा जिन्यात उभ्या-उभ्या, तिथे बोलायला हरकत नाही. गांधींना मँचेस्टरचा गृहस्थ नको असता तर ते दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले असते.

उठून जाता येते तशी उलट बोलण्याचीही मुभा हवी. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि जॉर्ज बोवेन यांच्यात झालेले वाद म्हणजे या मुभेचा मराठीतला सगळ्यांत रंगीत नमुना. उघडी वाळू, जमलेला समाज, एकीकडे वैदिक धर्माचा कैवार घेणारा बुवा आणि दुसरीकडे मिशनचा पगार सोडून देशी वस्तीत जवळजवळ फकिरासारखा राहणारा अमेरिकन. पुढे 'समुद्रकिनारींचा वादविवाद' या नावाने त्याचे पुस्तकही झाले. दोघेही आज वाचताना अधूनमधून हटवादी वाटतात. धर्मांतराच्या खातेवहीत बोवेनच्या नावावर फारसे काही जमा झाले नाही. पण त्या वाळूवर कुणी कुणाला गृहीत धरले नव्हते, आणि बुवांनी ख्रिस्ती मताची सालपटे काढली म्हणून कुणाच्या भावना दुखावल्याची फिर्याद झाली नाही. स्टॅन्ले जोन्सने पुढे वेगळी रीत काढली. निरनिराळ्या धर्मांच्या माणसांना गोल बसवायचे आणि प्रत्येकाने आपल्या श्रद्धेने आपल्याला प्रत्यक्ष काय दिले तेवढेच सांगायचे. मला बुवा-बोवेनपेक्षा ही रीत रोजच्या जगण्याला जवळची वाटते, कारण जिन्यात वाद घालता येत नाही. मात्र ऐकून घेण्याची तयारी दोन्हीकडे लागते. जो आपली साक्ष देऊन दुसऱ्याची ऐकताना घड्याळ बघतो त्याने मुळात बोलूच नये.

गेल्या नाताळात मी ताट घेऊन गेलो. काकू म्हणाल्या, "तुमची दिवाळी आली म्हणायची." मी या वेळी म्हणालो, "नाही काकू, दिवाळी नाही. थोडं वेगळं आहे. सांगू का?" त्या दारातच पाट घेऊन बसल्या. मी सांगितले ते पाच मिनिटांचेसुद्धा नसेल: उतरायला जागा न मिळालेल्या जोडप्याच्या पोटी देव आला असे आम्ही मानतो, आणि वडील गेले त्या वर्षी त्याच गोष्टीने मला धरून ठेवले. हात थोडे थरथरत होते, ताटातल्या चकल्या वाजत होत्या. काकूंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "चांगलंय. पण मग माझी आई हे काहीच न ऐकता गेली रे. तिचं काय?"

पोथीतली चार-पाच उत्तरे मला येत होती. त्यांतले एकही मी स्वतः पाहिलेले नव्हते.

"मला माहीत नाही काकू," मी म्हणालो.

त्यांनी ताट रिकामे करून त्यात मूठभर तिळाच्या वड्या घातल्या. रिकामे ताट परत देत नाहीत. "बरं," म्हणाल्या, "कळलं की सांग."